अर्ज चालू असताना नदी ओलांडावी का?

एका जंगलात यायला कुणालाच बंदी नव्हती, मुलांनो. आल्यावर स्वतःला तिथलं म्हणवून घ्यायला तेवढी बंदी होती. त्या जंगलाचं नाव गर्दराई.

गर्दराई नदीच्या अलीकडे होती आणि पलीकडे होतं खडकरान. खडकरानात खायला कमी आणि नातेवाईक जास्त. म्हणून तिथली तरणी जनावरं नदी ओलांडून गर्दराईत येत. आल्या दिवसापासून "आमच्या खडकरानात काय हवा होती!" म्हणून उसासे टाकत. परत मात्र कुणी जात नसे.

त्यांच्यातच एक साळिंदर होतं. त्याचं नाव साळबा. तो गर्दराईच्या नागरिकांसाठी कंद उकरायचा. कंद गोड निघाले की नागरिक म्हणत, "आपल्या मातीचा गुण." कडू निघाले की म्हणत, "ही खडकरानातली मंडळी!" साळबा दोन्ही वेळा मान हलवायचा.

पाणवठ्यावर आधी नागरिक पाणी पीत. मग त्यांची पिल्लं, मग त्यांचे पाहुणे आणि सगळ्यांत शेवटी साळबासारखे. उन्हाळ्यात या शेवटच्यांच्या वाट्याला चिखल येई. पाणी फारच आटलं, तर त्यांना सरळ नदीपलीकडे हाकलून देत. साळबाची पिल्लं गर्दराईतच जन्मलेली. खडकरान कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना कुणी हाकलू नये, एवढ्याचसाठी साळबाने नागरिकत्वाचा अर्ज केला.

आता गर्दराईची पद्धत ऐका. अर्जदार खरोखर इथे राहतो की नाही, हे तिथे वासावरून ठरत असे. अस्वलसाहेब न कळवता येत, बिळात नाक खुपसत आणि हुंगत. अर्जदाराचा ताजा वास आला तर अर्ज पुढे सरके. शिळा वास आला तर अर्ज बाद. बायकोपोरांचा वास चालत नसे. साहेब कधी येणार, हे मात्र साहेबांनाही माहीत नसे. याला ते पारदर्शक कारभार म्हणत. तुम्ही हसू नका, मोठी माणसंसुद्धा म्हणतात.

अर्ज करून बरेच दिवस झाले. एके सकाळी टिटवी आली. टिटवी नदीच्या दोन्ही बाजूंना फिरायची. तिला कुणी अडवत नसे, कारण ती कुठल्याच जंगलाची नव्हती.

"साळबा, तुझी आई अंथरुणाला खिळलीय," टिटवी म्हणाली. "येऊन जा म्हणाली. काही आणू नकोस म्हणाली, नुसता ये."

साळबा तसाच उठून अस्वलसाहेबांकडे गेला.

"साहेब, आई आजारी आहे. अर्ज चालू असताना नदी ओलांडली तर चालेल का?"

"अहो, खुशाल ओलांडा," अस्वलसाहेब म्हणाले. "नियमात कुठेच बंदी नाही. गर्दराई म्हणजे काय तुरुंग आहे?"

"मग मी नसताना तुम्ही हुंगायला आलात तर?"

"तर वास येणार नाही."

"मग?"

"मग अर्ज बाद. पण तो वास आला नाही म्हणून. तुम्ही नदी ओलांडली म्हणून नव्हे. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही."

साळबाने हात जोडले आणि तो वडाखालच्या कट्ट्यावर गेला. तिथे सगळे अर्जदार जमत आणि एकमेकांना सल्ले देत. त्यांतली सगळ्यांत जाणकार म्हणजे घोरपडमावशी. तिचा स्वतःचा अर्ज इतका जुना होता, की तो कुठे ठेवलाय हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे तिला इतरांसाठी भरपूर वेळ होता.

"जाऊ नकोस हो बाबा," मावशी म्हणाली. "माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक ससा गेला होता. परत येऊन बघतो तर काय, बिळात दुसरंच कुणी!"

"कोण तो ससा?"

"ते नाही मला ठाऊक. पण गोष्ट खरी आहे."

कट्ट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही तो ससा पाहिला नव्हता. साळबाने मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला. घाबरलेल्याला न पाहिलेला ससाही पुरतो.

घरी बायको म्हणाली, "अहो, जाऊन या आईंकडे. आम्ही बघतो इथलं."

"आणि मागे साहेब आले तर?"

"आले तर आले. आई काय पुन्हा मिळणारेत?"

"पोरांना हाकललं म्हणजे मग बोल," साळबा खेकसला.

साळबा गेला नाही. उलट तो बिळातून बाहेर पडेनासा झाला. वास पक्का बसावा म्हणून भिंतींना पाठ घासू लागला. घासून घासून त्याचे काटे झडले. टिटवी पुन्हा आली. "घाई नाही म्हणाली," तिने सांगितलं. "पण लवकर ये म्हणाली." साळबा म्हणाला, "एवढी तपासणी झाली की निघालोच, असं सांग तिला."

टिटवी त्यानंतर आली, तेव्हा काहीच बोलली नाही. बराच वेळ बिळाच्या तोंडाशी बसली आणि उडून गेली. साळबाला कळलं. तो रडला, खूप रडला. पण रडायलासुद्धा बाहेर यायचं धाडस त्याला झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी अस्वलसाहेब आले. बिळात नाक खुपसलं आणि खूश झाले.

"वा! असा दरवळ गेल्या कित्येक दिवसांत मिळाला नव्हता."

तिथून साहेब कोल्ह्याच्या बिळाकडे गेले. कोल्हाही अर्जदारच होता. तो वर्षातला बराचसा काळ सिंहमहाराजांच्या मंडळींबरोबर परमुलखात शिकारीला असे. त्याच्या बिळात कसलाच वास नव्हता. साहेबांनी शेरा मारला, "अर्जदार अत्यंत स्वच्छताप्रिय आहे." त्या संध्याकाळी साहेबांच्या नाकाला परमुलखातला मध लागलेला काही जणांनी पाहिला. पण पाहणारे सगळे बिगरनागरिक होते. त्यांचं पाहणं गर्दराईत धरत नाहीत.

शेवटी सुनावणीचा दिवस उजाडला. समोर गवेसाहेब बसले होते. कोल्ह्याचं काम चटकन झालं आणि तो नागरिकांच्या रांगेत जाऊन बसला. मग साळबाला बोलावलं.

"गर्दराईवर प्रेम आहे?" गवेसाहेबांनी विचारलं.

"आहे, साहेब."

"अर्ज केल्यापासून नदी ओलांडली?"

"एकदाही नाही."

"छान. पलीकडे कोण आहे तुमचं?"

"आई होती. ती आता गेली."

"अरेरे! शेवटच्या दिवसांत जवळ होतात ना?"

"नाही साहेब. अर्ज चालू होता."

गवेसाहेबांनी डोळे मिटले. आईवर त्यांचं फार प्रेम होतं, विशेषतः चार जणांसमोर. त्यांचा आवाज दाटून आला.

"जो जन्मदात्या आईकडे गेला नाही, तो गर्दराईमातेसाठी काय करणार? आम्हाला काळीज असलेले नागरिक हवेत. अर्ज नामंजूर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोल्ह्याने डोळे पुसले.

"पण साहेब," साळबा चाचरत म्हणाला, "मी गेलो असतो तर?"

"तर नियमाप्रमाणे अर्ज बाद झाला असता," गवेसाहेब म्हणाले. "नियमाच्या जागी नियम आणि काळजाच्या जागी काळीज. दोन्हींची गल्लत करू नका."

साळबा बाहेर आला. आईला ज्याच्यासाठी एकटं मरू दिलं, ते मिळालं नव्हतं. आता पोरांना काय सांगायचं, हेही त्याला कळत नव्हतं. एवढ्यात मागून अस्वलसाहेब आले. त्यांनी साळबाच्या पाठीवर हात ठेवला. काटे झडलेले असल्यामुळे तो ठेवता आला.

"असं खचून कसं चालेल?" ते म्हणाले. "पुन्हा अर्ज करा. मी स्वतः येतो हुंगायला. फक्त मधेच नदीपलीकडे जायचं वगैरे काढू नका."

"आता पलीकडे जावं असं कुणी उरलेलं नाही, साहेब."

अस्वलसाहेबांचा चेहरा खुलला.

"अहो, मग तर प्रश्नच मिटला!"

तात्पर्य : मुलांनो, परक्या जंगलाचं नागरिकत्व हवं असेल, तर आधी आईला जाऊ द्यावं आणि मग अर्ज करावा. याच्या उलट क्रमाने केल्यास होणाऱ्या विलंबाला जंगल जबाबदार राहणार नाही.