काश्यप गोत्राचे प्रवासी

समुद्र कोणाचीही गय करत नाही आणि माणसाने त्याच्यापुढे नम्र असावं, हे सत्य मला गुणवंतभाऊंनी शिकवलं. गुणवंतभाऊंनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे आमच्या अमरावतीचा वडाळी तलाव. तिथेही ते नावेत बसले नाहीत. काठावर उभे राहून त्यांनी नावाड्याला विचारलं, "नावा किती, मानसं किती?"

हा प्रश्न ते कुठेही विचारतात. एसटीत चढण्याआधी संकटकाळी उघडायचं दार ते स्वतः उघडून पाहतात, त्यामुळे अचलपूरच्या गाडीचे वाहक त्यांना नावानिशी ओळखतात आणि शक्यतो टाळतात. एकदा अकोल्याला एका लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाच्या मालकाला बाजूला घेऊन माणसं किती, दारं किती, याची चौकशी केली. मालकाला वाटलं, नगरपालिकेतून कोणी आलं आहे. त्याने भाऊंना पहिल्या पंगतीत बसवलं आणि निघताना शाल-श्रीफळ दिलं. खरा व्याही जेवायचा राहिला होता. भाऊंनी शाल घेतली आणि जाता जाता मालकाला मागच्या दाराचं कुलूप काढायला लावलं.

गुणवंतभाऊ राजापेठेत हार-फुलांचं दुकान चालवतात. मळा वलगावला आहे, तो थोरले भाऊ पाहतात. मी त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे टायटॅनिक बुडाल्याचं मला दिवसातून दोनदा तरी कळतं.

हे वेड रद्दीतून लागलं. पूर्वी पुडीची फुलं कागदात बांधून देत. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून भाऊ रद्दीतलं एक जुनं मासिक वाचत बसले. कधीच बुडणार नाही असं लोक म्हणत ते अजस्र जहाज, त्यावरचे श्रीमंत, त्यांचे कुत्रे, त्यांची झुंबरं. मग रात्र, मग बर्फाचा डोंगर, मग धडक. तिथे पान संपलं. पुढची पानं सकाळीच शेवंतीबरोबर गेली होती. दुसरा कोणी असता तर त्याने नवी पुडी बांधली असती. भाऊंनी दुकान उघडं टाकलं आणि सकाळच्या गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरले. एका घरी देवाजवळ ओला कागद सापडला. त्यात कळलं की जहाजावर जेमतेम निम्म्या माणसांना पुरतील इतक्याच नावा होत्या, आणि त्यातल्याही काही अर्ध्या रिकाम्या सोडल्या. भाऊ त्या घरच्या ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. घरच्या बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

"जहाज बर्फानं न्हाई बुडालं जी," ते तेव्हापासून सांगत आले आहेत, "फुकटच्या रुबाबानं बुडालं." हे वाक्य त्यांनी निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांना, बंद पडलेल्या शिकवणी वर्गांना आणि माझ्या नव्या स्कूटरलाही लावलेलं आहे.

इथवर ठीक होतं. लोकांना क्रिकेटचं असतं तसं यांना जहाजाचं, असं मी मानत होतो. पण सर्वपित्री अमावास्येला भाऊ गच्चीवर दोन पानं वाढतात. एक घरच्या पितरांचं आणि दुसरं टायटॅनिकच्या बुडालेल्यांचं. त्यांचं म्हणणं असं की भट्टीत कोळसा टाकणारे, आचारी, खालच्या वर्गातले गरीब, यांच्या मागे पान वाढणारं कोणी उरलं असेल याचा भरवसा नाही. पहिल्या वर्षी गुरुजी अडले. गोत्र काय सांगायचं? भाऊंनी मासिकाचा कागद काढून दाखवला, त्यात गोत्र नव्हतं. शेवटी गुरुजींनी निकाल दिला की गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं असतं. त्या दिवसापासून टायटॅनिकचे सगळे प्रवासी काश्यप गोत्राचे झाले. त्यांच्या कढीत मिरची घालत नाहीत. वडे, भाजी, सगळं असतं. कप्तानही त्यातच धरलेला आहे, मात्र त्याला खीर नाही. पुढे बर्फ आहे असं कळूनही त्याने वेग कमी केला नाही, हे भाऊंना आजही सहन होत नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला जहाजावर नोकरी लागली.

स्नेहलने अकोल्याला हॉटेलाचा अभ्यासक्रम केला होता. नोकरी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात होती. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, आधी गोव्याचं हॉटेल आहे असं सांगायचं ठरवलं, मग धीर खचून ते काम माझ्यावर ढकललं. मी शक्य तितक्या आडवळणाने सांगितलं. भाऊ हाराचा दोरा ओढत होते. त्यांनी पोरीला बोलावून जहाजावर नावा किती ते विचारलं. सगळ्यांना पुरून उरतील इतक्या आहेत, असं ती म्हणाली. "बरं," म्हणाले. एवढंच. बडनेऱ्याला तिला गाडीत बसवताना त्यांनी शेवंतीचा हार घातला आणि तिच्या डब्यातली संकटकाळी उघडायची खिडकी तपासून आले. राजापेठेत सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं, वेड उतरलं.

यंदा पितृपक्षाच्या शेवटी स्नेहलचा फोन लागेनासा झाला. तीन-चार दिवस बंद. कंपनीच्या मुंबईच्या क्रमांकावर नुसतं संगीत वाजायचं. वहिनींनी देव पाण्यात ठेवले. भाऊ हार करत होते, पण गिऱ्हाइकाने लग्नाचा मागितला तर मयताचा बांधून देत होते. जहाजाबद्दल एक शब्द नाही. ते बोलत होते तेव्हा मला त्रास व्हायचा. आता ते बोलेनात, त्याचा जास्त झाला.

अमावास्येला मी गच्चीवर गेलो. दोन्ही पानं वाढलेली. घरच्या पानाला कावळा लगेच शिवला. दुसऱ्याकडे पाहीना. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसून मान वाकडी करून पाहत होता. आम्ही बाजूला झालो, वहिनींनी हात जोडले, कावळा ढिम्म. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ते ओळखून मोठ्याने कबूल करतात. हजाराहून जास्त अनोळखी माणसांची इच्छा ओळखायची कशी? वहिनी रडायला लागल्या. तिकडचे काही सांगून राहिले, पोरीचं काही बरं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मला, जो असल्या गोष्टी मानत नाही, घाम फुटला.

भाऊ पानासमोर उकिडवे बसले. गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात बोलू लागले.

"पोट्टीले मी कावून जाऊ देलं, ठाऊक हाये का तुमाले? तिथं तुमी हाये म्हनून. आपली आजची वळख न्हाई. मले तिकडचं दुसरं कोनी ठाऊक न्हाई बाप्पा. ते लहान हाये, लवकर घाबरते. तिच्याकडे पाहात जा." मग, नाइलाजाने, "कप्तानालेही खीर वाढतो."

आणि खरोखरच त्यांनी वाटीतली खीर आणखी एका द्रोणात ओतली. इतकी वर्षं हा माणूस बुडालेल्यांची दया करतो असं मी समजत होतो. पोरीला पाठवायची वेळ आली तेव्हा, त्या सगळ्या समुद्रात, त्याला एवढेच ओळखीचे होते.

कावळा शिवला नाही. खाली वहिनींचा मोबाइल वाजला.

वहिनी जिन्यावरून कशा उतरल्या ते मला सांगता येणार नाही. स्नेहल होती, मैत्रिणीच्या फोनवरून. तिचा फोन भांडी धुवायच्या टबात पडून बंद झाला होता आणि घरचा क्रमांक पाठ नव्हता. तो आज कुठून तरी मिळाला. वहिनी हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही एकदम. भाऊंनी फोन घेतला आणि विचारलं, "जेवली का?" ती जेवली होती. त्यांनी मान हलवली, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसले. वहिनींनी त्यांच्यापुढे वड्यांचं ताट ठेवलं तेव्हा ते भुकेल्यासारखे जेवले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी स्नेहलला विचारलं, जहाज सध्या कुठल्या समुद्रात आहे.

ती म्हणाली, आठवडा झाला, गोदीत उभं आहे. तळाला रंग द्यायचा म्हणून जहाजाखालचं पाणी उपसून टाकलंय.