उद्धवरावांचा मिड फेड

मार्चमधल्या एका शनिवारी, चहाच्या सुट्टीत, सुजित नावाच्या नव्या इंजिनिअरने साऱ्या कंपनीसमोर उद्धवरावांच्या पायांना हात लावला आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

उद्धवरावांचा वाढदिवस होता. चोपन्नावा. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. म्हणजे मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग मोजायचा; मापात बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल. सत्तावीस वर्षं हेच काम. त्या दिवशी केक कापला, टाळ्या झाल्या आणि सुजित वाकला. "आशीर्वाद द्या, सर." त्याच्यामागे ट्रेनी पोरांची रांगच लागली. "असू दे, असू दे" म्हणत उद्धवराव मागे सरकत गेले ते थेट कॉम्प्रेसरला टेकेपर्यंत. (आशीर्वाद मात्र त्यांनी सगळ्यांना दिला. कँटीनवाल्यालाही दिला. तो बिचारा खाली पडलेला कप उचलायला वाकला होता.)

संध्याकाळी ते बेसिनच्या आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. डावीकडे भांग, कानांवर आलेले करडे केस. हे केस कोणीतरी तीस वर्षांपूर्वी डोक्यावर ठेवले आणि न्यायचे विसरून गेला, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

कंपनीतल्या सगळ्या पोरांचा फेड कट होता. कानापाशी जवळजवळ गुळगुळीत, आणि वर जाता जाता दाट. उद्धवरावांना तो मनातून कधीचाच आवडायचा. तरुण दिसण्यासाठी नव्हे, त्यातल्या कारागिरीसाठी. चांगला फेड म्हणजे हाताने काढलेला अचूक उतार. गुळगुळीत कुठे संपलं आणि दाट कुठे सुरू झालं, ते दाखवता येत नाही. लोखंडावर असा उतार काढायला त्यांच्या ऑपरेटरला तीनदा सेटिंग करावं लागे.

आपणही एकदा करून बघावा, असं त्यांनी ठरवलं. अडचण एकच होती. वजीरभाई.

वजीरभाईंचं केशकर्तनालय उद्धवरावांच्या घर-कंपनीच्या वाटेवरच, चौकात होतं. दोघंही लातूर जिल्ह्यातले, एकाच वर्षी भोसरीत आलेले. उद्धवरावांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांचे केस वजीरभाईंनी कापले. उद्धवरावांचे वडील गेले तेव्हा दुकान बंद करून वजीरभाई रात्रभर एसटीत त्यांच्या शेजारी बसून गावापर्यंत आले. दर तिसऱ्या रविवारी उद्धवराव त्या खुर्चीत बसत. कसे कापायचे हे कोणी विचारत नसे, कोणी सांगत नसे.

आणि गेली सहा-सात वर्षं त्याच खुर्चीत बसून दोघं रस्त्यावरच्या पोरांच्या डोक्यांना हसत आले होते. "शेळी चरून गेल्यासारखं दिसतंय," उद्धवराव म्हणत. "हे कापणं नाही राव, सोलणं आहे," वजीरभाई म्हणत. आता त्याच माणसाला 'मलाही सोला' कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून उद्धवराव रहाटणीला गेले. रहाटणीत त्यांना कोणी ओळखत नव्हतं. बायकोला, कस्तुराला, त्यांनी हेल्मेटची काच बदलायला जातो असं सांगितलं. दुकान त्यांनी बाहेरूनच निवडलं. आत तीन पोरं बसली होती आणि तिघांचेही उतार चांगले होते.

दुकानदार तिशीचा, नीट कोरलेल्या दाढीचा. त्याने एप्रन बांधला आणि विचारलं, "लो, मिड की हाय?"

उद्धवरावांना प्रश्न कळला नाही. पण प्रश्न कळला नाही की मधलं उत्तर द्यायचं, ही नोकरीतली जुनी सवय कामी आली.

"मिड."

"झिरोपासून घेऊ की हाफपासून?"

"टॉलरन्स किती आहे?" मापात किती कमी-जास्त चालेल, हा रोजचा प्रश्न उद्धवरावांच्या तोंडून निघाला.

"काय म्हणालात, काका?"

"हाफ," उद्धवराव म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

पाऊण तासाने त्यांनी डोळे उघडले. कानामागून वरपर्यंत बोट फिरवलं. जोड सापडला नाही. परत फिरवलं. नाहीच सापडला. हिरवी चिठ्ठी, ते मनात म्हणाले.

"दर पंधरा दिवसांनी यावं लागेल," त्यांच्या मानेवरचे केस झटकत दुकानदार म्हणाला. "फेड करणं सोपं, काका. सांभाळणं अवघड. आणि भोसरीत मामूंना माझा सलाम सांगा."

"कोण मामू?"

"वजीरमामू. मी शहेबाज, त्यांच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी दुकानात तुमच्या मांडीवर बसायचो मी. तुम्ही दारात आलात तेव्हाच ओळखलं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही उठून गेला असतात ना."

उद्धवरावांनी एप्रनसकट हात जोडले. "मामूंना सांगू नकोस."

"अल्लाकसम नाही सांगणार," शहेबाज म्हणाला. तो शब्दाचा पक्का होता, हे पुढे दिसायचं होतं.

घरी दार कस्तुराने उघडलं. तिने आधी डोकं बघितलं, मग हेल्मेटची तीच जुनी काच बघितली.

"हे काय करून आलात?"

"फेड."

"कशाचं फेडलं? नवस बोलला होता का कुठला? मला न सांगता?"

"नवस नाही गं. कट असतो तो तसा."

"कापलेले केस कुठल्या देवाला वाहिले तेवढं सांगा," कस्तुरा म्हणाली. त्यांची मुलगी सायली, कॉलेजात जाणारी, आतून पळत आली, तिने फोटो काढला आणि म्हणाली, "पप्पा, एकदम भारी!" त्यावर मग उद्धवरावांनी दहा-बारा दिवस काढले. सुखाचे म्हणता येतील असे. फक्त कंपनीत जाताना चौक टाळून ते आळंदी रोडने फिरून जात. सहा मिनिटांची वाट पंचवीस मिनिटांची झाली.

तिसरा रविवार आला. ते वजीरभाईंकडे गेले नाहीत. शहेबाजकडेही गेले नाहीत. एकदा पाप झालं ते झालं. त्याचं पंधरा-पंधरा दिवसांचं वेळापत्रक लावणं त्यांना जमेना. दरम्यान कानांवर कडा फुटल्या, मानेवर लव आली, आणि ज्या उतारावर बोट घसरत होतं तिथे ते अडखळायला लागलं. महिना झाला, सव्वा महिना झाला. लाल चिठ्ठी डोक्यावर घेऊन हिंडण्याचा प्रसंग आला.

शेवटी त्यांनी ट्रिमर मागवला. मेच्या पहिल्या रविवारी बाल्कनीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. सायलीने मोबाईलवर व्हिडिओ लावला. मशीन कस्तुराच्या हातात.

"आई, आता दोन नंबरची फणी काढ आणि एकची लाव," सायली म्हणाली.

कस्तुराने दोनची काढली. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. "तीन झाल्या का चार गं?" तिने विचारलं आणि उजव्या कानाच्या वर मशीन टेकवलं. एकची फणी कठड्यावरच होती; मशीन नुसत्या पात्यावर चाललं.

सायलीने व्हिडिओ थांबवला.

"काय झालं?" उद्धवरावांनी विचारलं.

"काही नाही. थोडं गेलंय."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं. हलू नका."

उद्धवरावांनी सायलीला बॅगेतली स्टीलची पट्टी आणायला लावली. सायलीने मोजलं. "रुंदी बावीस, लांबी एक्केचाळीस."

"मिलिमीटर?"

"नाही, फूट," कस्तुरा म्हणाली आणि कुकर बंद करायला आत गेली. मग तिथेच ओट्यापाशी पदर तोंडाला लावून रडली की हसली, ते सायलीने कधीच सांगितलं नाही.

कंपनीत डोक्यावर सेफ्टी कॅप असे, त्यामुळे दिवस निघाला. पण रस्त्यावर काय करायचं? उद्धवराव भर उन्हाळ्यात डोक्याला मफलर गुंडाळून फिरू लागले. कोणी विचारलं तर "डोक्याचं जरा काम निघालंय" म्हणत. हे भाजीवाल्या सावित्रीबाईंनी ऐकलं आणि वजीरभाईंच्या दुकानात जाऊन सांगितलं, "उद्धवरावांच्या डोक्याचं ऑपरेशन झालंया. बांधून फिरत्यात बिचारे."

वजीरभाईंचं दुकान सोमवारी बंद असे. त्या सोमवारी संध्याकाळी ते आणि त्यांची बायको रहिमाबी, दोघं, मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन उद्धवरावांच्या दारात उभे राहिले. रहिमाबींनी आत येताच कस्तुराला जवळ घेतलं. कस्तुराला काहीच कळेना. पण कोणी इतक्या मायेने जवळ घेतलं की तिलाही भरून येई, तसं आलं.

वजीरभाई उद्धवरावांच्या समोर बसले. त्यांनी मफलरकडे बोट केलं.

"टाके किती आहेत?"

"टाके नाहीत."

"दोन महिने झाले, राव. मला वाटलं गावी गेलात. मग वाटलं माझं काही चुकलं." वजीरभाईंचा आवाज खाली गेला. "सत्तावीस वर्षं हे डोकं माझ्या हातात होतं. त्याला काही झालं तर मला भाजीवालीकडून कळावं?"

उद्धवरावांनी स्वतःच मफलर सोडला.

वजीरभाईंनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. दोन बोटांनी उद्धवरावांची हनुवटी धरून डोकं ट्यूबलाइटकडे वळवलं, अगदी दुकानात वळवत तसं.

"हे घरचं काम आहे," ते म्हणाले. कस्तुरा फरशीकडे बघू लागली. "पण याच्या खाली जो कट होता, तो शहेबाजचा."

"त्याने सांगितलं?"

"नाही. दोन महिने रोज फोन करतो, 'मामू, उद्धवकाका येऊन गेले का?' मला हर्निया झाला होता तेव्हा एकदा फोन नाही केला त्याने. आज डोकं बघितलं आणि समजलो."

"वजीरभाई, मला माफ करा. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

वजीरभाईंनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले. बोलल्या त्या रहिमाबी. "लाजेचं काय सांगता, भाऊ. आमच्याकडे बघा. हे रोज दुपारी घरी येऊन नारळावर मशीन फिरवतात. न सोललेल्या. फेड शिकायलेत. दोन मशिनी गेल्या. खोबऱ्याची चटणी करून करून माझे हात दुखायलेत."

"पोरं येत नाहीत आता दुकानात," वजीरभाई हळूच म्हणाले. "शहेबाजने दाखवलं थोडं. पण शिकायला डोकं पाहिजे ना. नारळाला कान नसतात. तुमचंच मागणार होतो. मग वाटलं, तुम्ही हसाल. शेळी चरून गेली म्हणाल."

सहा-सात वर्षं दोघं शेजारी बसून ज्याला हसत होते, तेच दोघांनाही हवं होतं, आणि दोघांनीही एकमेकांच्या धाकाने ते कबूल केलं नव्हतं.

"दुकानाची चावी आणली आहे का?" उद्धवरावांनी विचारलं.

सोमवार असून शटर वर गेलं. शहेबाजला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल आरशाला टेकवून ठेवला. "मामू, हलक्या हाताने. मनगट बाहेर, बाहेर!" तो रहाटणीतून ओरडत होता. वजीरभाईंच्या कपाळावर घाम होता. कस्तुराने पाडलेला पट्टा झाकायला रेष वर न्यावी लागली आणि मिडचा हाय झाला. दोन तास लागले. डावी बाजू सुरेख उतरली. उजव्या बाजूला उद्धवरावांनी बोट फिरवलं आणि ते थांबलं.

"पायरी आहे?" वजीरभाईंनी विचारलं.

"आहे."

"मोठी?"

उद्धवरावांनी परत बोट फिरवलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी मापाबाहेरचा एक नगही सोडला नव्हता. मालकाच्या मेव्हण्याचासुद्धा नाही.

"चालेल," ते म्हणाले.

पुढे दर दुसऱ्या रविवारी सराव होत गेला. पायरी लहान होत होत जुलैत नाहीशी झाली. ऑगस्टमध्ये वजीरभाईंनी दुकानावर नवा फ्लेक्स लावला. त्यावर उद्धवरावांच्या डाव्या बाजूचा मोठा फोटो होता आणि वर 'फेड स्पेशालिस्ट'. आयटीआयची पोरं येऊ लागली, रविवारी नंबर लागू लागला. उद्धवराव संध्याकाळी रस्त्यापलीकडे उभे राहून फोटो बघत. एकच गोष्ट त्यांना खटकली. फोटो कानापासून मागे होता, चेहरा नव्हता.

"वजीरभाई, चेहरा कुठे गेला?"

वजीरभाईंनी वस्तरा पुसला. त्यांना खोटं बोलवत नव्हतं. "पहिला आठवडा चेहरा होता, राव. पोरं थांबायची, बघायची आणि पुढे जायची."

उद्धवरावांनी हे समजून घेतलं. कापलं कोणी आणि कापलं कोणाचं, यात कापणारा मोठा, अशी स्वतःची समजूत घालत ते घरी आले. कस्तुरा नुकतीच बाजारातून आली होती. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "अहो, वजीरभाईंच्या दुकानावरचा फोटो बघितला का? कोणा पोराचा आहे, माहीत नाही. पण डोकं काय रुबाबदार आहे! पुढच्या रविवारी गेलात की त्यांना म्हणा, एकदा माझंही तसं करून बघा."

उद्धवरावांनी कानामागून एकदा बोट फिरवलं. "म्हणतो," ते म्हणाले.

कस्तुराने त्यांच्याकडे मान वाकडी करून नीट बघितलं आणि मेथीची जुडी सोडायला घेतली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्हाला नाही शोभायचं ते."