अडीच किलो बाबा

धाकट्याला या प्रवासातून मिळवायचं होतं ते फार नव्हतं. बारा ग्रॅम बाबा.

वजनकाटे दुरुस्त करणारे बाबा दूरच्या थंड गावात धाकट्याजवळ वारले. जाताना त्यांनी बजावलं होतं, "तुझ्या आईची राख सोडली त्याच समुद्रात माझीही सोड. पुरेपूर. चिमूटही मागे ठेवायची नाही." धाकट्याने चौदा वर्षं त्यांची औषधं, मोजे आणि कटकट सांभाळली होती. आता घरात काहीच उरू नये, हे त्याला सोसवेना. त्याने कलश बाबांच्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. बरोबर अडीच किलो. तसं लेबल लावलं, मग दोन चमचे राख तपकिरीच्या डबीत काढली आणि कलशाच्या झाकणाला लाख लावली. धीर दिला तोही बाबांच्याच एका वाक्याने: विषुववृत्ताकडे नेलेला काटा कमी दाखवतो, तिथे तो नव्याने जुळवावा लागतो. किती कमी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

ताईचं घर त्याच समुद्राकाठी, विषुववृत्तावरच्या बंदरात. चौदा वर्षांत ती बाबांना भेटली नव्हती, त्यामुळे आता एक ग्रॅमही सोडायला तयार नव्हती. भावाला पाणी विचारायच्या आधी तिने त्याने बरोबर आणलेला बाबांचा काटा मांडायला लावला.

"दोन हजार चारशे अठ्ठ्याहत्तर! बावीस ग्रॅम बाबा कुठे सांडलेस?"

"सांडले नाहीत गं. पृथ्वी फिरते ना, त्यानं होतं तसं."

"तुमच्याकडे काय ती उभी असते?" म्हणत ताई खुलाशासाठी नवऱ्याकडे वळली.

भाऊजी भूगोलाचे मास्तर. या घरात त्यांना पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. "अगं, तिकडे वेग कमी. इथे आपण तिच्या कमरेवर, गरगर जास्त, म्हणून बाहेर फेकलं जाणंही जास्त. त्यात फिरून फिरून पोट सुटलंय तिचं. आपण मध्यापासून लांब पडलो. ओढ कमी, वजन कमी. त्याचं बरोबर आहे."

"चुकलं रे माझं," ताई पुटपुटली. धाकट्याच्या जिवात जीव आला. मागोमाग चहाही आला.

पण मास्तरांना गणित अर्धं सोडवत नाही. "हजाराला चार... अडीच हजाराला दहा. दहा पृथ्वीचे. उरलेले बारा?"

"काटा जुना झालाय..."

"बाबांचा काटा?" ताईने नुसतं विचारलं.

धाकट्याने खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. ताईने राख कागदावर ओतून तोलली. बारा.

"चौदा वर्षं होते ना तुझ्याकडे?"

"होते. म्हणूनच."

ताई उठून आत गेली. परत आली ती चमचा आणि मलमाची रिकामी डबी घेऊन. "तुम्ही तिकडे बघा हो," तिने नवऱ्याला सांगितलं. "सहा तुला, सहा मला."

संध्याकाळी कलश समुद्रात रिकामा झाला. पृथ्वीच्या नावावरचे दहा ग्रॅम मुळात कुठे गेलेच नव्हते. तेही पाण्यात पोचले. बहीणभावाला सहा-सहा मिळाले. तूट सोसली ती एकट्या बाबांनी: जन्मात कुणाला कमी माप न दिलेला माणूस बायकोकडे बारा ग्रॅम कमी गेला.