मोठ्या बाईंचा पान्हा

मालकीणबाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे निघाल्या, तेव्हा मालकांनी त्यांची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. "गोठ्याची अजिबात काळजी करू नकोस. आणि फोन करायचा नाही. मीही करणार नाही," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून मालकीणबाई एकही रात्र गोठा सोडून राहिल्या नव्हत्या. गाईंना सुट्टी नसते, म्हणून त्यांनाही नव्हती. आता बहिणीला बाळ झालं होतं, ते डोळे भरून पाहून यायचं एवढीच त्यांची हौस होती. ती पुरी व्हावी असं मालकांना अगदी मनापासून वाटत होतं. शिवाय "धार काढण्यात असं मोठं काय आहे?" असं ते चारचौघांत बरेचदा बोलून बसले होते, तेही एकदा खरं करून दाखवायचं होतं.

बाकीच्या गाईंनी काही त्रास दिला नाही. त्यांना यंत्र लावलं की त्या रवंथ करत उभ्या राहत. प्रश्न होता तो मोठ्या बाईंचा. ही गोठ्यातली सगळ्यांत थोराड गाय. तिनं मान वर करून पाहिलं की बाकीच्या चघळायच्या थांबत, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. यंत्राची नळी दिसली की मोठ्या बाई लाथ झाडत, त्यामुळे त्यांची धार हातानंच काढावी लागे. आणि तो हात आजवर मालकीणबाईंचा होता.

पहिल्या संध्याकाळी मोठ्या बाईंनी चहापुरतं दूध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही नाही. मालकांनी वासरू पुढे आणलं, पेंड वाढवली, मानेखाली खाजवलं. मोठ्या बाई पेंड संपवून भिंतीकडे बघत राहिल्या. कास टम्म फुगली होती.

"तिचा गाऊन घाल," दारातून मालकांची आई म्हणाली. "वासावर फसेल."

"आई, काहीतरीच काय!"

पण दुसरं काही सुचेना, तेव्हा मालकांनी निमूटपणे फुलाफुलांचा गाऊन चढवला, डोक्याला बायकोचा रुमाल बांधला आणि गाईपाशी बसले. तेवढ्यात दूध न्यायला येणारा गाडीवाला आत डोकावला. "वहिनी, आज कॅन बाहेर नाही ठेवले? मालक झोपलेत वाटतं अजून?"

मालकांनी मान वळवली. गाडीवाल्यानं एकदा गाऊनकडे, एकदा मिशांकडे पाहिलं. "मी काही पाहिलं नाही," तो घाईघाईनं म्हणाला आणि कॅन उचलून चालता झाला. गाऊनला फसला तो एवढा एकटाच. मोठ्या बाई ढिम्म.

शेवटी मालकांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "पान्हा चोरतेय ती," डॉक्टर म्हणाले. "दुपारपर्यंत कास मोकळी करा, नाहीतर सुजेल, ताप भरेल. सरळ वहिनींना बोलावून घ्या."

बोलावून घ्यायचं! एवढ्या वर्षांनी बिचारीला दोन दिवस मिळालेले, त्यातला एक तर प्रवासातच गेला होता.

"अरे, धार काढताना ती काहीतरी गुणगुणत असते," आईला आठवलं. "गाणंच असणार. ते फोनवरून ऐकव की!"

फोन करायचा नाही असं मालकांनीच बजावलं होतं. नाक मुठीत धरून त्यांनी फोन लावला. "अगं, सगळं उत्तम चाललंय. फक्त ते गाणं जरा म्हण."

"कुठलं गाणं?"

"मोठ्या बाईंसमोर म्हणतेस ते."

पलीकडून अगदी हळू आवाज आला. "अहो, ते गाणं नाही."

"मग काय आहे?"

"असतं काहीतरी. तुम्ही असं करा, फोन तिच्या कानाशी ठेवा आणि लांब जाऊन उभे राहा."

"लांब जाऊ तर धार कोण काढणार?"

आईनं फोनचा आवाज मोठा करून तो गाईच्या कानाशी धरला. मालक बादली घेऊन बसले.

"ऐकलंस का गं बाई," फोनमधून सूर लागला, "परवा पुन्हा ओला टॉवेल पलंगावर. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

मोठ्या बाईंचे कान टवकारले. मालकांच्या बोटांतून पहिली चिळकांडी बादलीत उडाली.

"चष्मा स्वतःच्या डोक्यावर, आणि घरभर मलाच विचारत फिरायचं. आणि पाहुणे आले की म्हणे, गाई मीच सांभाळतो!"

आता धार लागली. "असं मी कधी म्हणालो?" मालक उसळले. त्याबरोबर धार थांबली आणि मोठ्या बाईंनी पाय उचलला.

"तू गप्प बस!" आई ओरडली. "तिचं लक्ष उडतंय."

मग मालक गप्प बसले. लग्नानंतर बायकोचं बोलणं मध्ये न तोडता ऐकण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पलीकडे बायका जमल्या असाव्यात. त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि मालकीणबाईंना रंग चढत होता. "आणि सासूबाई—" त्या म्हणाल्या. "बोल, बोल," आई म्हणाली, "मला कमी ऐकू येतं." बादली भरत होती.

"आणि बाई, एवढं करून कधी विचारतील का, तू दमलीस का म्हणून? एकदाही नाही."

तिथं मात्र कुणी हसलं नाही. मालकांना कसनुसं झालं. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. बादली काठोकाठ भरली होती.

"झालं का हो?" मालकीणबाईंनी विचारलं.

"झालं. तू आणखी चार दिवस राहा," मालक म्हणाले. "मी सकाळ-संध्याकाळ फोन करत जाईन."

चार दिवसांनी मालकीणबाई परतल्या, तेव्हा टॉवेल दोरीवर होता, चष्मा नाकावर होता, आणि दारातच मालकांनी विचारलं, "दमलीस का?" मालकीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डोळे पुसत त्या बादली घेऊन गोठ्यात गेल्या.

बराच वेळ झाला तरी धारेचा आवाज येईना. मग हाक आली. "अहो, सोडत नाहीये ही! काय बोलू हिच्याशी? काही सुचतच नाहीये."

"जुनंच काहीतरी सांग की!"

"सांगून पाहिलं. तिला कळतं, मनापासून नाही ते."

मालकांनी थोडा विचार केला. दोरीवरचा टॉवेल काढला, पण तो कोरडा होता. तेव्हा ते नळापाशी गेले, टॉवेल चांगला भिजवला आणि नेऊन पलंगावर टाकला, बरोबर बायकोच्या उशीवर.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा आत येऊन जातेस का?"