वृंदाचा दंड आणि सरकारची वही

साहेब, तुम्ही खोटं लिहिता! तुम्ही म्हणजे कोण, ते नाव मी इथे घालत नाही. ज्यांच्या टेबलावर देवी टोचल्याची वही येते आणि जे ती न उघडताच सही ठोकतात, त्यांना कळलंच असेल. त्या वहीत माझी मुलगी वृंदा, वय सव्वा वर्ष, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, हिच्या नावापुढे ‘यशस्वी’ असं लिहिलंय. तो शब्द खोटा आहे. खोटा, आणि वर तुमची सही!

वाचकहो, आता तुम्ही इकडे या. साहेबांना घटकाभर घाम पुसू द्या. झालं काय ते पहिल्यापासून सांगतो, आणि त्यात माझी जी फजिती झाली तीही लपवत नाही.

मी जयदेव. चौथीपर्यंत शाळा, पुढे कारखान्यात फिटर. बाकीचं सगळं वाचनालयात उभ्याने वाचून शिकलो. गेल्या फाल्गुनात आमच्यापासून मैलभरावर, उल्हासनगरच्या कॅम्पात, एका बराकीत देवीची साथ लागल्याची बातमी आली. त्या दिवशी कारखान्यात डबा खाताना मी छाती ठोकून सांगितलं, “आठ दिवसांत माझं घर असं बंदोबस्तात ठेवतो की रोग दारावरून जाताना नमस्कार करून जाईल!”

घरात माझी बायको कुंदा, मुलगी वृंदा आणि नातीला सांभाळायला मांजर्लीहून आलेली माझी सासू गोजरबाई. गोजरबाईंच्या तोंडभर देवीचे वण आहेत, वळवाचे थेंब पडून गेलेल्या वाळूसारखे.

“बापू, पोरीला टोचू नको,” ती म्हणाली.

“का?”

“तिला घरात बोलवायची नाय.”

“कोणाला?”

गोजरबाईंनी देवीचं नाव तोंडाने घेतलं नाही. मी मात्र अर्धा तास व्याख्यान दिलं. ती तांदूळ निवडत राहिली.

देवीडॉक्टर आला. पत्र्याची पेटी, स्पिरिटचा दिवा, कातडीवर गोल फिरवायचं हत्यार. मी आधी माझाच दंड पुढे केला. “बघ वृंदा, बाबाला काही म्हणजे काही होत नाही!” असं म्हणालो, आणि पुढच्याच क्षणाला “आई गं!” असा ओरडलो की वृंदाने स्वतःची पाळी यायच्या आधीच टाहो फोडला. देवीडॉक्टरने दोघांना टोचलं. “पुसू नका, वाळू द्या. आठव्या दिवशी बघायला येतो,” म्हणाला आणि वहीत काहीतरी खरडून गेला. गोजरबाई रडणाऱ्या वृंदाला चिमण्या दाखवायला मागल्या दारी घेऊन गेली.

झालं! त्या मिनिटापासून घरात पाहुणी आली. दाराला कडुनिंब. फोडणी बंद, तळण बंद, आंबट बंद. मांजर्लीची सुकट डब्यात तोंड बांधून बसली आणि मी डब्याबाहेर! वरण असं, की आजाऱ्याने पाहिलं तर उठून कामाला जाईल. वृंदाच्या दंडावर गोजरबाईंनी फडकं गुंडाळलं. “आठ दिस कोनी बघायचं नाय. नजर लागते.” आणि शेवटचा नियम कुंदाने हळूच कानात सांगितला:

“आई म्हणते, घरात कोणी रागवायचं नाही. आवाज चढवायचा नाही.”

“मी? आठ दिवस?”

“बघा, आत्ताच चढला.”

मला रागवायला बंदी म्हणजे रेड्याला डुंबायला बंदी! दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी फोरमनने माझ्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं, अग्रलेखाचं पान फाडलं आणि त्यात स्वतःची भजी बांधली. भजी! मी अळणी वरणावर जगतोय आणि माझ्या अग्रलेखाला भज्यांचं तेल! दंड सुजून दुधी भोपळा झालेला, अंगात ताप. घरी ओरडायची सोय नाही. म्हणून मी विहिरीमागच्या चिंचेखाली गेलो आणि झाडालाच फोरमन समजून सुरुवात केली. फोरमन संपल्यावर कारखान्याचा मालक घेतला, मग सरकार घेतलं. हातवारे, लाल डोळे, थरथरणारं अंग. धुणं घेऊन आलेली शेजारीण कमळाबाई बादली टाकून पळाली ते मी पाहिलंच नाही.

पंधरा मिनिटांत वीसेक बाया जमल्या. हळदकुंकू, नारळ, खण!

“बाय गो, अंगात आली!”

“मी जयदेव आहे! फिटर!”

“पहिल्यांदा असंच म्हनते ती.”

“अहो, ताप आलाय मला!”

“येनारच. तिचं तेज काय साधं हाय?”

एकीने पाया पडून विचारलं, “आई, माझा दादला दारू कवा सोडंल?”

“मला काय विचारतेस? त्याला विचार!”

“बघा,” कमळाबाई म्हणाली, “कशी खरं बोलली!”

आयुष्यभर अंगात येण्याविरुद्ध बोललेला मी, आणि कपाळावर मळवट! शेवटी कंटाळून ओरडलो, “साथ दाराशी आलीय! पोरांना टोचून घ्या आणि मला सोडा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर त्रेचाळीस पोरं ओळीने उभी. देवीडॉक्टरच्या डोळ्यांत पाणी! “जयदेवराव, वीस वर्षं मी पोरांच्या मागे पळालोय. एकदा तर एकामागे विहिरीत उतरलो. आज पहिल्यांदा पोरं माझ्याकडे आली. काय सांगितलंत हो यांना?”

“विज्ञान,” मी म्हणालो. काय करणार? खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही आपण थोडेफार देवी आहोत असं वाटायला लागलं होतं.

आठवा दिवस आला. देवीडॉक्टर आला नाही. नवव्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी कमळाबाई नातवाला काखेत मारून दारात हजर. “आई... म्हंजे, जयदेव, आमच्या बाळाचा हात कोराच हाय. शेजारच्यांचं फुललं, याचं नाय. आता?”

आता मला काय ठाऊक! पण वृंदाच्या दंडावरचं फडकं आठवलं. मी आत गेलो.

“वृंदाचा हात बघू.”

“नजर लागंल,” गोजरबाई म्हणाली आणि पोरीला छातीशी धरलं.

मी फडकं सोडलं. फोड नाही, खपली नाही, लाली नाही. दंड आत्ताच जन्मल्यासारखा कोरा करकरीत. त्याच सकाळी बातमी आली होती, कॅम्पातली दोन मुलं देवीने गेली, आणि साथ कॅम्प आणि आमच्यामधल्या नाल्याच्या अलीकडे आली. म्हणजे माझं अख्खं घर माझ्या व्याख्यानावर झोपलं होतं, आणि माझी मुलगी उघडीच होती!

तिला काखेत घेऊन मी तडक साहेबांची कचेरी गाठली. कारकुनाने वहीत बोट फिरवलं.

“वृंदा जयदेव. यशस्वी.”

“हात कोरा आहे.”

“वहीत यशस्वी आहे.”

“हात बरोबर आणलाय, बघा तरी!”

त्याने वृंदाकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं आणि वहीवर विश्वास ठेवला. “पुन्हा टोचायचं तर पहिलं अयशस्वी दाखवावं लागेल. साहेबांची सही झाली आहे. सही कशी पुसणार?”

मी वाकून पाहिलं. वाचकहो, वृंदा यशस्वी आणि पारावरची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पोरंही यशस्वी! एकाच शाईने, एकाच दमात. आणि तारीख? ज्याला जेव्हा टोचलं त्याच दिवसाची! जे आठव्या दिवशी डोळ्यांनी बघून लिहायचं, ते पहिल्याच दिवशी लिहून मोकळे!

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी वृंदाने कारकुनाच्या दौतीत हात घातला आणि वहीच्या पानावर एक थाप मारली. पाच इवली बोटं, बरोब्बर साहेबांच्या सहीवर! माझ्या मुलीने आयुष्यातली पहिली सही केली, आणि त्या पानावरची ती एकटीच खरी होती.

“सरकारी वहीचं नुकसान!” कारकून किंचाळला. शिपायाने आम्हा दोघांना पायऱ्यांपर्यंत पोचवलं.

घरी आलो तो दहा दिवसांचं ओरडणं घशात घेऊन. अंगणातच सुरुवात केली, “पाणी टोचलं माझ्या पोरीला! लबाड खातं, लबाड साहेब, त्यांच्या सात पिढ्या...”

“त्यांना शिव्या देऊ नको, बापू,” गोजरबाई उंबऱ्यावर आली. “मी पुसली.”

“काय?”

“चिमन्या दाखवायला नेली ना, तवाच. ती दवा ओल्या पदरानं पुसली.”

ती खाली बसली आणि वृंदाच्या बोटांवरची शाई पदराने काढायला लागली.

“कुंदाच्या आधी माझा जनू होता. चार वर्सांचा. मांजर्लीत असाच टोचनारा आला. सगल्या बाया पोरं घेऊन रानात पलाल्या. मी नाय पलाली. मीच त्याचा हात पुढं केला. आठव्या दिसाला बघायला येतो, म्हनला. जनूचा हात कोराच. मी वाट बघितली. रोज वाटेवर जाऊन बसायची. कोन आला नाय. मंग ती आली. माझ्या तोंडावर पाय देऊन जनूला घेऊन गेली. गाव म्हनला, तूच टोचून बोलावलीस तिला.”

कुंदा भिंतीला टेकून उभी होती. आपल्याला भाऊ होता हे तिला माहीत होतं. त्याचा हात कोरा होता हे नव्हतं.

मी विचारलं, “मग हे अळणी वरण कशासाठी, आई? पाहुणी तर आलीच नाही.”

“दारातून परत पाठवली ना तिला. रागवंल म्हनून.”

माझ्याकडे अंधश्रद्धेवर निदान तीन व्याख्यानं तयार होती. एकही बाहेर आलं नाही. मी तिच्या शेजारी बसलो आणि वृंदाचं दुसरं बोट पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कॅम्पातल्या डॉक्टर केवलराम यांच्याकडे गेलो. सिंध सोडून आलेला माणूस. अर्ध्या बराकीत गोणपाटाचा पडदा लावून दवाखाना, आणि लस थर्मासमध्ये बर्फात. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. स्टूल ओढून गोजरबाईंसमोर बसले.

“माई, ती तुमच्याकडे परत आली का कधी?”

“नाय. गावात चार डाव साथ आली. सगल्यांची आजारी पोरं मीच धरली मांडीवर. मला नाय शिवली.”

“क्यों? शरीराने एक बार तिला पाहिलं. पहचान लिया. अब दरवाजा बंद. टोचणं म्हणजे बच्चीच्या शरीराला तिचा चेहरा दुरून दाखवायचा. बस, इतना ही.”

गोजरबाईंनी विचार केला. “म्हंजे पोरीला माझ्यासारखी करायची. पन तोंड न बिघडवता.”

“हां माई.” डॉक्टर उगाचच दिव्याची वात सारखी करायला लागले.

“मंग माझ्या जनूचा हात कोरा का राह्यला?”

“लस उन्हात मेली असेल. होता है. इसीलिए तो आठव्या दिवशी बघतात. उठलं नाही तर पुन्हा टोचतात.”

“पुन्हा टोचतात?”

“पुन्हा.”

पडद्याबाहेर कोणीतरी खोकत होतं. “हे मला कोन बोललंच नाय,” गोजरबाई म्हणाली. मग तिने वृंदाला मांडीवर घेतलं, बाही वर केली आणि माझ्याकडे वळली. “बापू, तू भायेर जा. तू ओरडतोस.”

गेलो बाहेर! आत वृंदा रडली, आणि गोजरबाई तिला म्हणत होती, “वाळू दे गो बाय, वाळू दे.” मी पडद्याआड होतो म्हणून बरं, नाहीतर फिटर रडतो हेही कॅम्पभर झालं असतं.

या खेपेला दंडावर फडकं नव्हतं. गोजरबाई रोज सकाळी उजेडात धरून हात बघायची. पाचव्या दिवशी दाणा उठला. आठव्या दिवशी मोत्यासारखा फोड! तिने नातीला बुवापाडाभर मिरवलं. मग घरोघर जाऊन त्रेचाळीस पोरांच्या बाह्या वर केल्या. अकरा हात कोरे निघाले, त्यात कमळाबाईचा नातूही. अकराही जणांना तिने ओळीने डॉक्टरांकडे नेलं, आणि पुन्हा आठव्या दिवशी तिनेच पाहिलं. सरकारने जे केलं नाही ते एका अडाणी बाईने केलं. यातलं एकही पोर साथीने गेलं नाही.

आता साहेब, तुम्ही या पुढे.

वृंदाला माझ्या सासूने पुसलं, हे मी चार लोकांत लिहून दिलं. आमची चूक आम्ही कबूल केली. तुमची? तुमचा माणूस आठव्या दिवशी आला असता, तर ती पुसणारी बाई तेव्हाच सापडली नसती का? आणि तिला पुसायला कोणी शिकवलं? मी इतके दिवस समजत होतो, तिच्या अडाणीपणाने.

गोजरबाईंना लिहिता येत नाही, म्हणून तिचा प्रश्न मी लिहितो. मांजर्लीची जुनी वही तुमच्या कपाटात असणार. ती इंग्रजांच्या राज्यातली, असं म्हणू नका. राज्य बदललं, कपाट तेच आहे. साल तिला सांगता येत नाही. उल्हास नदीचं पाणी घरांच्या आढ्याला लागलं होतं, त्याच्या पुढचं वर्ष. नाव जनू. वय चार. येत्या सोमवारी मी तिला घेऊन कचेरीत येतो. ती वही काढून ठेवा आणि तिला तोंडावर सांगा, जनूच्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंय?