शेळीच्या ठशाची मोहीम

सुज्ञ वाचणारांस विदित व्हावे जे, पुढील हकीकत एका शेळीची, एका चामड्याच्या तुकड्याची आणि दोघी म्हाताऱ्या बहिणींची असून, मोहीम करणारी आणि ती लिहिणारी एकच असल्याकारणे पराक्रमाचा मजकूर अंमळ चाळून घ्यावा, पराभवाचा मात्र लिहिला तैसाच खरा मानावा.

मोहिमेचे कारण ऐसे जाहले. थोरल्या बाईसाहेब, वयाने वडील आणि जिभेने तिखट, यांची नजर अलीकडे मंदावली. माणसाचा आकार दिसे, चेहरा दिसेना. तथापि संध्याकाळी तळमजल्यावर गाण्याची तालीम भरे तेथे त्या कठडा धरून एकट्या उतरत, आणि खालच्या पट्टीचा मोर्चा त्यांच्याच आवाजावर उभा असे. इमारतीच्या मंडळाने सर्वांस चाव्यांची एकसारखी पाकिटे वाटली होती आणि तालमीस येणारे ती दाराजवळच्या मेजावर टाकीत. मग एके दिवशी थोरल्या बाईसाहेबांनी शेजारणीचे पाकीट उचलून आणिले, आणि वर लेक आलेली होती तिने आतून दार उघडिले म्हणोन चूक कळली नाही, आणि शेजारीण आपल्याच उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर बसोन राहिली. दुसरे दिवशी भर तालमीत शेजारणीने फर्मावले, "ताई, यापुढे सोबत कुणाला तरी घेऊन येत जा." शब्द गोड, पण घाव खोल. तेव्हापासून थोरल्या बाईसाहेबांनी घसा बसल्याची सबब सांगोन खोली धरिली आणि गाणे बंद जाहले.

लेकीने मसलत दिली की पाकिटाला लाल दोरा बांधावा. त्यावर जबाब आला, "दोरा बांधायला मी काय शेळी आहे?"

हे वर्तमान धाकट्या बाईसाहेबांस कळताच त्यांचे मस्तक तापले, आणि त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत प्रतिज्ञा केली की नवे पाकीट शिवावे, त्यावर शेळीच उठवावी, आणि ती ऐसी उठवावी की बोट फिरताच ओळख पटावी. धाकट्या बाईसाहेब म्हणजे सामान्य असामी नव्हे. उभी हयात पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठ्यांवर नावे दाबण्यात गेलेली. असे त्या स्वतःच सांगत, आणि कोणी न विचारता सांगत.

मग स्वारी गल्लीच्या टोकाला पाट्यावाल्याच्या दुकानी दाखल जाहली. हा गृहस्थ घरांच्या नावाच्या पाट्या करी आणि त्यापाशी लेझर नामे अजब यंत्र होते: काचेचे झाकण, आत प्रकाशाची सुई, ती अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर सरसर फिरे आणि चित्राप्रमाणे काही भाग जाळून खोल करी, बाकीचा उंच राही, तोच ठसा, आणि ठशात जे खोल तेच चामड्यात वर उठे. धाकट्या बाईसाहेबांनी शेळीचे चित्र हवाली केले, आणि सांगू लागल्या की आमच्या वेळी ठसा पितळेचा असे, कोरणारा म्हातारा भिंग डोळ्यात धरूनच डबा खाई, दाबयंत्र तापले की सरसाचा वास केसांत बसे तो रविवारीही जात नसे, आणि आता ते कारागीर कोठे आणि तो वास कोठे. सांगता सांगता गिऱ्हाइकांची रांग रस्त्यावर गेली, आणि पाट्यावाला तोंड उघडी तो दरवेळी नवा अध्याय सुरू होई. अखेर त्याने मुकाट यंत्र चालविले.

ठसा घेऊन स्वारी घरी आली, ओले चामडे आणि ठसा पुस्तके दाबण्याच्या शिकंज्यात घालून दांडा आवळिला, आणि सोडविते वेळी पाहते तो काय! शेळी वर यावी ती चामड्यात खाली बुडाली. भाचीने, म्हणजे थोरल्यांच्या त्याच लेकीने, डोळे मिटून बोट फिरविले आणि निकाल दिला, "मावशी, काहीतरी खरचटलंय." फौजेची शिकस्त जाहली.

धाकट्या बाईसाहेब तैशाच पाट्यावाल्यावर चालून गेल्या.

"मावशी, चित्रातलं काळं-पांढरं तुम्ही आधीच उलटं करून आणलं होतं?"

"म्हणजे काय! जन्मभर ठशाचं चित्र उलटंच काढत आले मी."

"अहो, सगळे सुलटं आणतात, म्हणून मीही उलटं केलं!"

"विचारायचं तरी."

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

दोघे आपापल्या हुन्नरात पक्के आणि दोघांच्या हुशारीने उलट्याचे सुलट होऊन शेळी बुडाली, ही गोष्ट कबूल करणे प्राप्त जाहले. आणि तह ऐसा ठरला की पाट्यावाल्याने ठसा नवा करावा आणि बाईसाहेबांनी यंत्र थांबेतो गप्प बसावे. दुसरे कलम पाळिता फार यातना जाहल्या, पण पाळिले.

नवा ठसा बरोबर उतरला, तरी शत्रू अजून बाकी होता. पुठ्ठ्याचे कापड जाणणाऱ्या बाईसाहेबांस चामडे ठाऊक नव्हते, आणि भिजवायचे म्हणजे भिजवायचे, ऐसे म्हणोन या खेपेस त्यांनी तुकडा थेट बादलीत बुडविला. तो लगदा होऊन त्यावर उठले ते शेळी की उशी, हे देव जाणे. मग गर्व बादलीतच सोडून शेजारच्या चप्पलवाल्यास विचारिले, आणि त्याच्या सांगण्यावरून ओला स्पंज नुसता फिरवून, चामड्याचा मूळ रंग परतू लागेतो वाट पाहिली, आणि शिकंजा आवळून दुपारभर त्यास हात लाविला नाही. उघडिते तो शेळी उभी! कान, दाढी, चारही पाय आणि पोट, सर्व बोटास लागे ऐसे.

पाकीट शिवून स्वारी थोरल्या बाईसाहेबांच्या खोलीत रुजू जाहली आणि न बोलता ते त्यांच्या हाती ठेविले. थोरल्या बाईसाहेबांचा अंगठा दाढीवरून कानावर गेला, पोटावर आला आणि तेथेच थांबला. मोहिमेतील सर्वांत बिकट वेळ ती हीच.

"शेळी," थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या.

"हो, ताई."

"गाभण आहे का गं?"

"नाही. जराशी जाड झालीय."

"काढणारीवर गेलीय."

मग त्यांनी जुन्या पाकिटातील चाव्या नव्यात घातल्या, पाकीट इतर चार वस्तूंत ठेवून तीनदा हुडकून पाहिले, आणि पायाने चपला शोधल्या. धाकट्या बाईसाहेब सोबतीस उठल्या तो हुकूम सुटला, "तू बस. तुला सूर नाही." आणि त्या गेल्या, आणि एकटे राहण्याच्या सवयीप्रमाणे बाहेरून दाराला कुलूप घालून गेल्या.

येणेप्रमाणे विजयी सेनापती जिंकलेल्या मुलखात कैद जाहली. हाका मारिता कोणी तरी आले असते. परंतु इतक्यात खालून तालीम सुरू जाहली, आणि सर्व आवाजांच्या तळाशी एक जाड, जरासा गंजलेला, ओळखीचा आवाज बसला, आणि हाक मारिली तर तो थांबेल म्हणोन मारिली नाही. त्या वेळेचा उपयोग करून ही हकीकत लिहिली. शेळीची मोहीम फत्ते जाहली, सबब कैदेची तक्रार नाही.