गिरणीसाठी स्थळ

गिरणीसमोर खर्चाचा विषय काढलेला नेनेकाकांना खपत नाही. "तिच्यादेखत नको," म्हणत ते मला दंडाला धरून बाहेर नेतात आणि मग कुजबुजतात, "छपराचं एस्टिमेट काय आलं?"

अमेरिकेत पिस्कॅटवेजवळची ही शंभरी उलटलेली कापडगिरणी आम्ही चार मराठी कुटुंबांनी घेतली, भाड्याची घरं करायला. माझ्या हट्टापायी घरातली सगळी शिल्लक तीत गेली. तेव्हापासून बायकोने नुसतं "झोप लागली का?" विचारलं, तरी मला तो आरोप वाटतो.

नेनेकाकांचा जन्म टॅक्सच्या कामात गेला. मार्ग त्यांनीच सुचवला. "जुनी इमारत जुन्याच रूपात दुरुस्त केली, की सरकार टॅक्स क्रेडिट देतं, म्हणजे टॅक्समधून तेवढी सूट. पण तुम्हाला एवढा टॅक्स आहे कुठे? मग भरपूर टॅक्सवाली कंपनी गाठायची. क्रेडिट तिला, रोख आपल्याला. थोडक्यात, स्थळ बघायचं!"

मी स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खिडक्या सुचवल्या.

"नाक बदलून मुलगी दाखवतोस? क्रेडिट जाईल, लेका!"

अखेर ट्रॉय शहरातल्या एका कंपनीच्या बाई गिरणी पाहायला आल्या. त्यांनी नकार दिला असता, तर बँकेचं कर्ज अडलं असतं आणि आम्ही बुडालो असतो. काकांनी घरून कांदेपोहे करून आणले होते. मी ओल आलेल्या भिंतीला पाठ लावून, उगाच हसत उभा होतो. काकांनी मला खुर्चीसारखं बाजूला सरकवलं.

"सी, मॅडम? लीकेज. एज झालंय... आय मीन, शी इज ओल्ड. बट व्हेरी गुड फॅमिली!"

मी घाईने पोह्यांचा डबा पुढे केला. बाईंनी पोहे पुन्हा वाढून घेतले. "ओल मी बाहेरूनच पाहिली होती," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही सांगता का, ते बघत होते."

होकार आला. सह्यांच्या दिवशी वकिलाने अट वाचली: पाच वर्षं गिरणी विकायची नाही, तिचं रूप बदलायचं नाही, नाहीतर क्रेडिट परत जाईल. काकांनी ते कलम पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे पाच वर्षं हिला कोणी हलवणार नाही?"

"नाही."

"छान झालं."

खाली त्यांचा मोठा मुलगा गाडीत बॅगा ठेवत होता. काका सहा महिने इथे त्याच्याकडे असतात, सहा महिने अ‍ॅशबर्नला धाकट्याकडे.

"आता परत कधी, काका?" मी विचारलं.

"ते दोघं ठरवतात," काका म्हणाले. "मग मला कळवतात."